अजिंठ्याचा अंधार आणि कॅमेऱ्याचे भिंग

अजिंठ्याचा इतिहास सामान्यतः लेणी खोदविणाऱ्यांचा, ती रंगविणाऱ्यांचा आणि त्यांसाठी दान देणाऱ्यांचा म्हणून सांगितला जातो, आणि ते यथायोग्यच आहे. वाकाटक नृपती हरिषेण, त्याचा अमात्य वराहदेव आणि भिंतींवर सारे विश्व रेखाटून स्वतः मात्र अनाम राहिलेले ते चित्रकार यांच्या ऋणातून आपण कधीच मुक्त होणार नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या डोंगरात आणखी एका कसबी परंपरेची ये-जा सुरू झाली आणि तिचा वृत्तान्त मात्र विखुरलेलाच राहिला. ही परंपरा छायाचित्रकारांची. जिचे सारे सामर्थ्य प्रकाशावर अवलंबून, अशी विद्या घेऊन ही माणसे अशा दालनांत शिरली की जेथे भर दुपारीही समोरची भिंत, डोळे काळोखाला सरावल्यानंतरच, हळूहळू उलगडू लागते. त्या काळोखाशी त्यांनी कधी झुंज घेतली, कधी तह केला. आणि आज प्रत्येकाच्या हातातील कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स या नावांनी ज्या कळा बसविलेल्या असतात, त्यांचा अर्थ या झुंजीच्या आणि तहाच्या इतिहासात जितका स्वच्छ उमगतो, तितका अन्यत्र क्वचितच उमगत असेल.

प्रथम या स्थळाच्या प्रकाशाचा विचार केला पाहिजे. वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेऊन जो उभा कडा कोरला आहे, त्याच्या पोटात ही तीस लेणी रांगेने खोदलेली आहेत, आणि कडाच वळलेला असल्यामुळे प्रत्येक लेण्याचे तोंड निराळ्या दिशेला आहे. एकात सूर्यकिरण ज्या प्रहरी उंबरठा ओलांडतात, त्या प्रहरी दुसरे पूर्ण छायेत असते. विहारात प्रकाशाला वाट ती दरवाजाची आणि बाजूच्या एखाददुसऱ्या खिडकीची. तेथून तो जमिनीवर पडतो, फत्तराचा काळसर तपकिरी रंग अंगाला लावून घेतो, आणि मग परावृत्त होऊन छताकडे व भिंतींकडे जातो. दरवाजापासून दहा पावले आत गेल्यावर त्याचे बळ किती झपाट्याने ओसरते, याची डोळ्यांना कल्पना येत नाही, कारण डोळा आपली बाहुली विस्फारून तो तोटा भरून काढीत असतो. भिंगामागच्या काचेला अथवा फिल्मला मात्र अशी भरपाई करता येत नाही. प्राचीन चित्रकारांनी बाहेर आरसे अथवा पांढरी वस्त्रे धरून सूर्यप्रकाश आत वळविला असावा, असे परंपरेने सांगितले जाते. ते काहीही असो, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा आणि परदेशातून आलेला लाजवर्दी निळा एवढ्या मोजक्या रंगांची योजना मंद, परावृत्त प्रकाशातच निश्चित झाली आणि त्याच प्रकाशात पाहिली गेली, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८१९ साली मद्रास सैन्यातील कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि लेण्यांची वार्ता पाश्चात्त्य विद्वानांपर्यंत पोचली. वास्तुशास्त्राचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये या चित्रांच्या नकला करून घेण्याची निकड विद्वत्सभेपुढे मांडली, आणि तिला मान देऊन कंपनी सरकारने १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल याची त्या कामी नेमणूक केली. निजामाच्या मुलखात, त्या एकान्तात, गिलने आयुष्याची उरलेली वर्षे घालविली. १८७९ साली त्याचे देहावसान झाले आणि भुसावळ येथे त्याचे दफन झाले. त्याने रंगविलेल्या भव्य तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना डिसेंबर १८६६ मधील आगीत भस्मसात झाली. परंतु या चित्रकाराने त्यापूर्वीच कॅमेराही हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. अजिंठ्याच्या छायाचित्रणाचा आरंभ येथून धरावयास हरकत नाही.

गिलच्या त्या छायाचित्रांत लेण्यांची मुखे, स्तंभ, शिल्पे आणि चैत्यांची घडण दिसते. ज्यांच्या नकलांसाठी त्याने उमेदीची वर्षे वेचली त्या भित्तिचित्रांना मात्र त्यांत फारसे स्थान नाही. याचे कारण तत्कालीन रसायनात आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, आणि लेप ओला आहे तोवरच तिच्यावर प्रकाश घेऊन अंधाऱ्या तंबूत तिचे चित्र उघडे करावयाचे. सर्व मिळून दहा-पंधरा मिनिटांची मुदत, आणि खानदेशाच्या सीमेवरील कोरड्या उन्हाळ्यात तीही पुरी मिळण्याची खात्री नाही. आता समजा, एखाद्या विहारातील भिंतीसाठी आजच्या कॅमेऱ्याला शंभर आयएसओ आणि आठ क्रमांकाचे अ‍ॅपर्चर ठेवून तीस सेकंद लागतात. ओल्या काचेची ग्रहणशक्ती आजच्या मापाने एकापासून पाचापर्यंत असे. ती एक धरली तर त्याच भिंतीला पन्नास मिनिटे लागतील, आणि काच तर त्याच्या कितीतरी आधी वाळून निरुपयोगी झालेली असेल. भिंगाचे तोंड अधिक उघडून वेळ कमी करता येई, परंतु त्या काळच्या भिंगांत तसे केल्यास चित्राच्या कडा पुसट होत. प्रकाशाचे प्रमाण, भिंगाचे उघडेपण, ग्रहणशक्ती आणि काळ या चौघांचा हिशेब एकमेकांत असा गुंतलेला असतो की एकाला सवलत दिली की दुसऱ्याकडून ती वसूल करावी लागते. छायाचित्रणाच्या साऱ्या व्यवहाराचे हे मूळ कलम अजिंठ्याच्या भिंतीने पहिल्याच दिवशी बजावले.

याहूनही मोठी अडचण रंगांची होती. कलोडियनच्या काचेला केवळ निळा, जांभळा आणि त्यापलीकडील अदृश्य प्रकाश जाणवे. तांबडा आणि पिवळा तिला जवळजवळ काळोखासारखाच. अजिंठ्याचा रंगसंसार तर प्रामुख्याने गेरूचा आणि पिवळ्या मातीचा. म्हणजे ज्या रंगांनी चित्रकाराने कांतीला ऊब दिली, नेमके तेच रंग या काचेवर काळे पडावयाचे, आणि बोधिसत्त्व पद्मपाणीच्या मुखावरील ती करुणा एका डागात लुप्त व्हावयाची. १८७३ साली हेर्मान फोगेल याने काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाश दाखविण्याची युक्ती शोधली, आणि १९०६ च्या सुमारास तांबड्यालाही जाणणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. अजिंठ्याच्या भिंती कृष्णधवलातही यथार्थपणे दिसू शकतील अशी शक्यता तेव्हा प्रथम निर्माण झाली. रशियन वंशाचा विद्वान व्हिक्टर गोलुबेव याने १९१० च्या सुमारास पहिल्या लेण्याच्या चित्रांची जी छायाचित्रे घेतली आणि पुढे १९२७ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केली, त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

दरम्यान अंधारावर बळाने मात करण्याचा एक मार्ग यंत्रविद्येने उपलब्ध करून दिला होता. १८६४-६५ च्या सुमारास मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या पांढऱ्या उजेडात खाणी आणि भुयारे यांची छायाचित्रे घेण्याचे प्रयोग यशस्वी झाले. १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ याने इजिप्तमधील महापिरॅमिडच्या अंतर्भागातही हाच उपाय योजला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची स्फोटक पूड तयार झाली, १९३० च्या आसपास काचेचे फ्लॅश-दिवे आले, आणि त्यानंतर विजेचा फ्लॅश. या प्रगतीचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु भित्तिचित्रांच्या बाबतीत तिचे दोन दोष उघड झाले. जळत्या मॅग्नेशियमचा धूर बंदिस्त दालनात लोंबकळत राहतो आणि त्याची पांढरी राख समोर असेल त्यावर बसते. दुसरा दोष दृष्टीचा आहे: भिंगाच्या बाजूनेच, सरळ समोरून येणारा प्रखर झोत भिंतीचे सर्व चढउतार एकाच पातळीवर आणतो, जवळची आकृती पांढरी फटक करतो आणि तिच्यामागे चार हातांवर असलेली काळोखात लोटतो, कारण प्रकाशाचे बळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते, आणि अंतर दुप्पट झाले की ते चौथाईवर येते.

चित्र स्पष्ट दिसावे या ईर्ष्येची आणखी मोठी किंमत भिंतींनी दिली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या एतद्देशीय विद्यार्थ्यांना घेऊन नकलांची प्रचंड मोहीम पार पाडली. त्या परिश्रमांचे गुणगान करावे तितके थोडे. परंतु रंग खुलून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर व्हार्निश चढविण्यात आले, आणि पुढे ते पिवळे पडले. दैवदुर्विलास असा की ग्रिफिथ्सच्या नकलांपैकीही बऱ्याचशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या सामग्रीवरून त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी सांधला, त्यामुळे पुष्कळ भाग वाचला. पण लाखेचा लेप त्यांनीही दिला, आणि तोही काळाने पिवळसर झाला. छायाचित्रकारापुढे यातून नवीच समस्या उभी राहिली. लेपाचा पृष्ठभाग चकाकतो. कोणताही दिवा समोर धरला की त्याचे प्रतिबिंब चित्राच्या मधोमध उमटते. दिवे भिंगाच्या दोन्ही बाजूंस सुमारे पंचेचाळीस अंशांच्या कोनात ठेवून ही चकाकी भिंगाबाहेर परतविणे, अथवा भिंगावर ध्रुवण-काच म्हणजे पोलरायझर बसवून तिचा निरोध करणे, हे चित्रशाळांतून आणि वस्तुसंग्रहालयांतून आजही पाळले जाणारे दोन नियम अशाच लेपांनी शिकविलेले आहेत.

हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या पद्धतशीर चित्रांकनास आरंभ झाला. १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने हाताने काढलेल्या नकलेऐवजी छायाचित्र हाच आधार मानला. हा बदल लहान नव्हता. नक्कल करणारा कलावंत कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हाताला त्याच्या शिक्षणाची वळणे असतात; लेडी हेरिंगहॅम यांच्या बरोबर १९०९ ते १९११ या हंगामांत काम केलेले नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्या नकलांत त्यांच्या स्वतःच्या प्रतिभेचा स्पर्श आहे, आणि म्हणूनच त्या कलाकृती म्हणून आदरणीय आहेत. महाराष्ट्रात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही अशाच आस्थेने नकला करविल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. परंतु भिंतीवर आज किती गिलावा शिल्लक आहे, तडा कोठवर गेला आहे, कोणत्या कोपऱ्यात रंग उडाला आहे, याचा निःपक्षपाती दाखला हवा असेल तर तो छायाचित्राकडूनच मिळावयाचा. तेथे कलावंताच्या कल्पनेने भर घातलेली चालत नाही.

रंगीत फिल्म आली आणि प्रकाशाचा वर्ण हा विषय ऐरणीवर आला. दिवसाच्या उजेडासाठी बनविलेली फिल्म सुमारे ५५०० केल्विन वर्णमानाला जुळविलेली, स्टुडिओतील तंतूच्या दिव्यांसाठीची ३२०० ला. आणि लेण्यातील प्रकाश तर फत्तरावरून आणि धुळीच्या जमिनीवरून परावृत्त होऊन आलेला, या दोन्हींशी न जुळणारा. शिवाय फिल्मचा आणखी एक स्वभावदोष होता, ज्याचा अभ्यास कार्ल श्वार्त्सशिल्ड या ज्योतिर्विदाने ताऱ्यांची छायाचित्रे घेताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला: प्रकाश फार मंद असला की फिल्म आळसावते, हिशेबाने तीस सेकंद पुरेसे असले तरी प्रत्यक्षात मिनिटभर अथवा त्याहून अधिक मागते, आणि तिच्या तिन्ही रंगांचे थर सारख्या प्रमाणात आळसावत नसल्यामुळे चित्रावर परकी छटा चढते. साहजिकच पुष्कळ छायाचित्रकारांनी प्रखर दिवे आत नेण्याचा मार्ग पत्करला. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी याच्या उलट दिशेने जाण्याचे ठरविले. फ्लॅश नाही, प्रखर दिवे नाहीत. आहे त्या अत्यंत मंद प्रकाशात कॅमेरा दीर्घ काळ उघडा ठेवून त्यांनी ही चित्रे टिपली, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अजिंठ्याचे रंग एका अपूर्व मार्दवाने आणि खोलीने लोकांसमोर आले. चित्रकाराने ज्या स्थितीत रंग पाहिले होते, तिच्या जवळात जवळ जाण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्याचे साधन होते केवळ थांबणे.

चित्रांविषयी जे खरे, ते शिल्पांविषयी निराळ्या अर्थाने खरे आहे. पहिल्या लेण्याच्या गर्भगृहातील बुद्धमूर्तीपुढे मार्गदर्शक दिवा घेऊन उभा राहतो, तो एका बाजूस धरतो, मग दुसऱ्या बाजूस, मग समोर. आणि एकाच मुखावर प्रसन्नता, गांभीर्य आणि ध्यानमग्नता असे तीन भाव क्रमाने प्रकटतात. प्रवाशांना हा चमत्कार वाटतो. छायाचित्रकाराला तो प्रकाशयोजनेचा पहिला आणि अखेरचा धडा आहे. शिल्पाला आकार देणारी वस्तू छाया होय, आणि छाया कोठे पडावी हे दिव्याच्या दिशेवर ठरते. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पाला समोरून फ्लॅश दिला तर वस्त्रांच्या चुण्या सपाट होतात. तोच प्रकाश तिरपा, बाजूने, भिंतीला घासत आला तर छिन्नीचा प्रत्येक आघात बोलू लागतो. भित्तिचित्रांच्या संरक्षकांनाही असाच घासता प्रकाश उपयोगी पडतो, कारण सुटत चाललेल्या गिलाव्याचा फुगवटा समोरच्या उजेडात दडून राहतो आणि बाजूच्या उजेडात लागलीच पकडला जातो.

आता अंकीय कॅमेऱ्याचा काळ आहे, आणि लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. ही मनाई इतिहासाच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे तिचे स्वागतच केले पाहिजे. रीतसर परवाना मिळवून ज्याला तिपाईसह काम करता येईल, त्याने शंभर आयएसओ आणि आठ क्रमांकाचे अ‍ॅपर्चर धरून शटर तीस सेकंद उघडे ठेवावे, कॅमेऱ्याचे तोंड भिंतीशी काटेकोर समांतर ठेवावे, छताच्या चित्रांसाठी तो जमिनीवर उताणा ठेवावा, आणि कळ बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोपवावी, म्हणजे हाताचा कंप चित्रात शिरत नाही. दीर्घ काळ उघड्या राहिलेल्या सेन्सरला उष्णतेमुळे जे रंगीत ठिपके पडतात, त्यांवर कॅमेऱ्यातच उपाय असतो: चित्र घेऊन झाल्यावर तो तितकाच वेळ शटर मिटून एक काळी चौकट घेतो आणि तिच्यातील ठिपके पहिल्या चित्रातून वजा करतो. ज्याच्यापाशी तिपाई नाही, त्या सामान्य प्रवाशाने तोच हिशेब उलटा मांडावा. आयएसओ शंभरावरून ३२०० वर नेला की ग्रहणशक्ती बत्तीस पट होते. अ‍ॅपर्चर आठावरून २.८ वर उघडले की प्रकाश आठ पट येतो. दोन्ही मिळून दोनशे छप्पन्न पट, म्हणजे तीस सेकंदांचे काम सेकंदाच्या आठव्या हिश्शात होते, आणि खांब अथवा कठडा यांना कोपर टेकवून, श्वास रोखून एवढा वेळ कॅमेरा स्थिर धरणे बहुतेकांना साधते. चित्रात दाणे उमटतील, पण भिंतीला काही उपद्रव होणार नाही. रंगांसाठी स्वयंचलित व्हाइट बॅलन्सवर विसंबू नये, कारण गेरूने भरलेली भिंत पाहून तो तिला जास्त पिवळी समजतो आणि दुरुस्ती म्हणून निळ्याकडे ढकलतो. त्यापेक्षा करड्या रंगाचा पुठ्ठा त्याच प्रकाशात धरून त्यावरून माप घ्यावे, आणि चित्र रॉ या मूळ स्वरूपात साठवावे.

या साऱ्या तपशिलातून एक तत्त्व हाती लागते, आणि ते केवळ अजिंठ्यापुरते नाही. दीडशे वर्षांत जेव्हा जेव्हा मनुष्याने आपल्या सोयीचा उजेड या भिंतींवर लादला, मग तो धूर सोडणारा धातू असो वा रंग उजळविणारे व्हार्निश, तेव्हा तेव्हा भिंतीने काहीतरी गमावले. आणि जेव्हा त्याने भिंतीच्या प्रकाशापुढे आपले उपकरण नम्र केले, अधिक ग्रहणशील काच शोधली, शटर अधिक काळ उघडे ठेवले, तेव्हा भिंत शाबूत राहिली आणि चित्रही सत्य झाले. यंत्रावरील कळा या नम्रतेसाठीच आहेत. म्हणून आज लेण्यांत कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने आपण एका दप्तरात नवे पान जोडीत आहोत अशा जबाबदारीने काम करावे: चित्राबरोबर लेण्याचा क्रमांक, दिनांक, प्रहर, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ आणि प्रकाशाचे वर्णमान यांची नोंद जतन करावी, आणि भिंतीच्या कडेला करडा पुठ्ठा धरलेली एक चौकट अवश्य ठेवावी. सिडनहॅमच्या आणि साउथ केन्सिंग्टनच्या आगींनी जे हिरावून घेतले ते परत येणार नाही; परंतु शंभर वर्षांनंतर एखाद्या संरक्षकाला या भिंतीचा कोणता रंग किती उतरला हे ताडून पाहावयाचे असेल, तर त्याला सुंदर चित्रापेक्षा अशी साधी, सप्रमाण नोंदच उपयोगी पडेल, आणि ती ठेवणे आज कोणाच्याही आवाक्यात आहे.